डॉक्टरांना शिकवतं कोण? टॉसिगबाई, व्हिव्हियन थॉमस आणि निळी बाळं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेच काढलेत, थोडे राहिले असतील. चालवून घ्या.

तुमच्या ओळखीत कुणीतरी 'मेडिकलला' असेलच. बारावीनंतर नीट, मग साडेपाच वर्षं एमबीबीएस, मग परत परीक्षा आणि तीन वर्षं एमडी. एवढं झाल्यावरही विचारलं की उत्तर येतं, 'डीएम करतोय' किंवा 'फेलोशिप करतेय'. घरातली आजी वैतागून विचारते, 'अरे, मग तू डॉक्टर झालास की नाही अजून?'

आजीचा प्रश्न चुकीचा नाही. पदवी झाली, लायसन्स हातात आलं, पेशंट 'डॉक्टरसाहेब' म्हणायला लागले, तरी हा माणूस अजून विद्यार्थीच. कारण या टप्प्यावर जे शिकायचं असतं ते पुस्तकात नसतंच. कुणीतरी शेजारी उभं राहून 'इथे हात ठेव, काय जाणवतंय?' असं विचारावं लागतं. आपल्या क्षेत्रात नवीन पोराला सीनिअरच्या शेजारी बसवतात ना, तसंच. फरक एवढाच की आपली चूक दुसऱ्या दिवशी रोलबॅक करता येते.

हे शेजारी उभं राहून शिकवणं कसं चालायचं, कुणाच्या जिवावर चालायचं, आणि त्याचं श्रेय कुणाच्या नावावर जमा व्हायचं, हे आज बघायचंय. ठिकाण आहे अमेरिकेतलं बाल्टिमोर शहर, जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल.

हे हॉस्पिटल उघडलं १८८९ मध्ये. तिथे मेडिसिनला विल्यम ऑस्लर होते आणि सर्जरीला विल्यम हॉल्स्टेड. पदवी मिळालेल्या डॉक्टरनं पुढची काही वर्षं हॉस्पिटलमध्येच राहायचं आणि हळूहळू जबाबदारी वाढवत न्यायची, ही पद्धत अमेरिकेत या दोघांनी रुजवली. 'रेसिडेंट' हा शब्द तिथूनच आला, कारण ते खरोखर तिथेच राहायचे. हॉल्स्टेडची पद्धत पिरॅमिडसारखी होती. खाली बरेच जण, वर पोचणारा एखादाच. दिवस-रात्र काम. मजा बघा, किंवा मजा म्हणू नये, पण हॉल्स्टेडना स्वतःला आधी कोकेनचं आणि मग मॉर्फिनचं व्यसन जडलं होतं. कोकेननं शरीराचा भाग बधिर करता येतो का, याचे प्रयोग स्वतःवर करताना ते लागलं. पुढच्या पिढ्यांची रात्रंदिवस जागण्याची शिस्त ज्यानं घालून दिली, त्या माणसाची ही अवस्था. ही गोष्ट रेसिडेंट डॉक्टरांना सहसा कुणी सांगत नाही. सांगायला हवी, असं मला वाटतं.

हॉपकिन्सचं मेडिकल कॉलेज सुरू झालं १८९३ मध्ये, पैसे कमी पडल्यामुळे थोडं उशिरा. तेव्हा मेरी गॅरेट नावाच्या श्रीमंत बाईंनी तीन लाख डॉलरहून जास्त रक्कम दिली आणि अट घातली की मुलींना मुलांच्याच अटींवर प्रवेश द्यायचा. कॉलेजनं नाइलाजानं मान्य केलं. ही अट लक्षात ठेवा, कारण तिच्याशिवाय पुढची गोष्ट घडलीच नसती.

आता येऊ हेलन टॉसिगकडे. जन्म १८९८, वडील हार्वर्डमध्ये अर्थशास्त्राचे प्राध्यापक. हेलन अकरा वर्षांची असताना आई क्षयानं गेली. शाळेत वाचन अजिबात जमायचं नाही. आज आपण त्याला डिस्लेक्सिया म्हणतो, तेव्हा 'मठ्ठ' म्हणत असावेत. हार्वर्डला डॉक्टर व्हायचं म्हटलं, तर तिथे बायकांना वर्गात बसता यायचं पण पदवी मिळायची नाही. म्हणून बोस्टन युनिव्हर्सिटी, आणि तिथून हॉपकिन्स. १९२७ मध्ये पदवी. मेडिसिनला बाईसाठी असलेली इंटर्नशिपची जागा दुसऱ्या मुलीला गेली, म्हणून बालरोग विभागात आल्या.

त्यात अजून एक अडचण. ऐन तिशीत टॉसिगबाईंना कमी ऐकू यायला लागलं. हृदयाच्या डॉक्टरला! स्टेथोस्कोपशिवाय ज्यांचं पान हलत नाही त्या क्षेत्रात! बाई ओठ वाचायला शिकल्या, आवाज मोठा करणारा स्टेथोस्कोप वापरायला लागल्या, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाळाच्या छातीवर हात ठेवून हृदय 'ऐकायला' शिकल्या. बोटांना जाणवणारी थरथर, धक्का, लय. जोडीला फ्लुओरोस्कोप, म्हणजे क्ष-किरणांनी पडद्यावर हृदयाची हलती सावली दाखवणारं यंत्र. बाळाला वेगवेगळ्या बाजूंनी वळवून त्या ती सावली बघत बसायच्या.

इथे दोन माणसांची नावं घ्यायलाच हवीत. पहिले एडवर्ड्स पार्क, बालरोग विभागाचे प्रमुख. १९३० मध्ये त्यांनी टॉसिगना मुलांच्या हृदयरोगाचं क्लिनिक सोपवलं. बाईंना संधिवाती तापामुळे बिघडणाऱ्या हृदयांमध्ये रस होता, कारण असे पेशंट ढिगानं होते. पार्कनी सांगितलं, जन्मजात दोष असलेली मुलंही बघा. तेव्हा त्या मुलांवर काहीच इलाज नव्हता. जिथे इलाज नाही तिथे आयुष्य कशाला घालवायचं, असं कुणालाही वाटेल. बाईंनाही सुरुवातीला फार उत्साह नव्हता. पण साहेबांनी धरून ठेवलं.

दुसऱ्या मॉड ॲबट, कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या. मॅकगिल विद्यापीठानं त्यांना बाई म्हणून मेडिकलला प्रवेश नाकारला होता, आणि नंतर तिथल्याच संग्रहालयात हृदयांचे नमुने लावायची नोकरी दिली. त्यांना या कामात प्रोत्साहन कुणी दिलं? ऑस्लरनी. तेच, हॉपकिन्सवाले. ॲबटबाईंनी शेकडो सदोष हृदयं बघून १९३६ मध्ये त्यांचा ॲटलास काढला. टॉसिग मॉन्ट्रियलला जाऊन त्यांच्याकडून ते नमुने शिकून आल्या. म्हणजे ऑस्लरकडून ॲबटकडे, ॲबटकडून टॉसिगकडे. आपल्याकडे गाण्यात घराणं सांगतात तसं हे.

आता निळी बाळं. काही बाळांच्या हृदयात एकाच वेळी चार दोष असतात. फ्रेंच डॉक्टर फॅलोच्या नावावरून त्याला टेट्रालॉजी ऑफ फॅलो म्हणतात. सोपं करून सांगायचं तर फुप्फुसाकडे रक्त नेणारी वाट अरुंद, आणि हृदयातल्या पडद्याला भोक. त्यामुळे पुरेसं रक्त फुप्फुसात जातच नाही आणि ऑक्सिजन न मिळालेलं रक्त अंगभर फिरतं. ओठ निळे, नखं निळी. मूल थोडं चाललं की दम लागून उकिडवं बसतं, कारण तसं बसल्यावर बरं वाटतं. त्याला हे कुणी शिकवलेलं नसतं.

टॉसिगबाईंनी वर्षानुवर्षं अशी मुलं बघितली आणि त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. आईच्या पोटात असताना प्रत्येक बाळाला मुख्य धमनी आणि फुप्फुसाची धमनी यांना जोडणारी एक छोटी नळी असते, डक्टस. जन्मानंतर ती आपोआप बंद होते. निळ्या बाळांपैकी ज्यांची नळी उघडी राहिली होती ती बरी असायची, आणि नळी बंद झाली की एकदम बिघडायची. मग बाईंचा प्रश्न साधा होता: नळी बंद होते म्हणून मूल मरतं, तर आपण नवीन नळी का जोडू नये?

बोस्टनमध्ये रॉबर्ट ग्रॉस नावाच्या सर्जननी १९३८ मध्ये उघडी राहिलेली डक्टस शस्त्रक्रियेनं बंद करून दाखवली होती. बाई त्यांच्याकडे गेल्या. बंद करता येते तर तयारही करता येईल ना? ग्रॉसना त्यात रस वाटला नाही. बंद करण्यात यश मिळत होतं, ते सोडून उलटं काम कोण करणार.

१९४१ मध्ये आल्फ्रेड ब्लॅलॉक हॉपकिन्सला सर्जरीचे प्रमुख म्हणून आले. येताना एक अट घालून आले की माझ्यासोबत व्हिव्हियन थॉमस येतील.

थॉमस कोण? टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलचे कृष्णवर्णीय सुतार. डॉक्टर व्हायचं म्हणून पैसे साठवत होते, ते मंदीत बँक बुडाली तेव्हा गेले. १९३० मध्ये ब्लॅलॉकच्या प्रयोगशाळेत नोकरी धरली. पगारपत्रकावर हुद्दा सफाई कामगाराचा. काम? कुत्र्यांवर शस्त्रक्रिया करणं, रसायनं मोजणं, नोंदी ठेवणं, संशोधन. सुताराचा हात होता, आणि रक्तवाहिनीला टाका घालणं हे शेवटी हाताचंच काम. १९३८ च्या सुमाराला या दोघांनी हाताकडे जाणारी धमनी कापून फुप्फुसाच्या धमनीला जोडायचा प्रयोग केला होता, वेगळ्याच कारणासाठी. त्या कारणासाठी तो फसला. म्हणजे टॉसिगबाई ज्या नळीची मागणी घेऊन आल्या, ती या दोघांच्या जुन्या वहीत आधीच होती!

हॉपकिन्समध्ये तेव्हा कृष्णवर्णीय माणसं फक्त साफसफाई किंवा हमालीची कामं करायची. संडाससुद्धा वेगळे. पांढरा कोट घालून थॉमस प्रयोगशाळेतून हॉस्पिटलकडे जायला लागले की लोक थांबून बघायचे. शेवटी त्यांनी रस्त्यानं जाताना साधे कपडे घालायला सुरुवात केली. याच माणसानं सुमारे दोनशे कुत्र्यांवर काम करून निळ्या बाळाची अवस्था प्रयोगशाळेत उभी केली, तिच्यावरची शस्त्रक्रिया बसवली आणि लहान मुलांच्या बारीक रक्तवाहिन्यांसाठी अवजारं घडवली. 'ॲना' नावाची कुत्री त्यातून बरी झाली. तिचं तैलचित्र हॉपकिन्समध्ये लागलं. थॉमसचं लागायला आणखी बरीच वर्षं गेली, त्याकडे येतोच.

२९ नोव्हेंबर १९४४. आयलीन सॅक्सन, पंधरा महिन्यांची मुलगी, वजन जेमतेम चार किलो. ब्लॅलॉक शस्त्रक्रियेला उभे, आणि त्यांच्या मागे एका स्टुलावर, खांद्यावरून बघत, थॉमस. कारण ही शस्त्रक्रिया प्रयोगशाळेत थॉमसनी बॉसपेक्षा कितीतरी जास्त वेळा केली होती. टाका योग्य दिशेनं पडतोय का, अंतर बरोबर आहे का, हे प्रमुख सर्जन मागे वळून त्यांना विचारत होते. त्या खोलीत मदतीला उभ्या असलेल्यांमध्ये डेंटन कूली नावाचा तरुण होता. पुढे तो जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या हृदयशल्यविशारदांपैकी एक झाला.

आयलीन त्या दिवशी वाचली, तिची तब्येत सुधारली, पण काही महिन्यांनी परत बिघडली. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर ती गेली, दोन वर्षांचीही झाली नव्हती. तिच्यानंतरच्या मुलांमध्ये मात्र यश आलं. तिसरा पेशंट सहा वर्षांचा मुलगा होता. त्याचे ओठ टेबलावरच गुलाबी झाले.

मे १९४५ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या मासिकात लेख आला. लेखकांची नावं दोन: ब्लॅलॉक आणि टॉसिग. कोड कुणी लिहिला आणि कमिटवर नाव कुणाचं, हा वाद आपल्याला नवा नाही. पण इथे तो दिसतो तेव्हा पोटात कसंतरी होतं.

लेखानंतर बाल्टिमोरला रीघ लागली. निळी मुलं घेऊन आईबाप अमेरिकेतून, युरोपातून येऊ लागले. आणि मुलांच्या मागोमाग डॉक्टर. कारण शस्त्रक्रिया एका शहरात होऊन काय उपयोग? कुठलं मूल ऑपरेशनला न्यायचं, कुठलं नाही, हे ओळखणारा डॉक्टर प्रत्येक देशात हवा. निळ्या रंगाला कारणं अनेक असतात. निदान चुकलं तर हीच शस्त्रक्रिया जीव घेईल.

म्हणजे आता खरी अडचण शिकवण्याची होती. तोवर 'मुलांच्या हृदयाचा डॉक्टर' असा प्रकारच नव्हता. टॉसिगबाईंनी १९४७ मध्ये जन्मजात हृदयदोषांवर जाडजूड पुस्तक लिहिलं. ते आपल्या भाषेत डॉक्युमेंटेशन. पण डॉक्युमेंटेशन वाचून कुणी शिकतं का? बोटांना जाणवणारी थरथर पुस्तकात कशी लिहिणार? म्हणून फेलो. दरवर्षी काही तरुण डॉक्टर यायचे आणि बाईंच्या शेजारी उभं राहून शिकायचे. आधी आईशी नीट बोला. मूल कधी निळं होतं, रडताना की दूध पिताना, उकिडवं बसतं का, सगळं विचारा. मग नुसतं बघा. मग हात ठेवा. महागडं यंत्र त्यानंतर. आणि मूल ऑपरेशन होऊन घरी गेलं म्हणजे विषय संपला नाही, ते मोठं होईपर्यंत त्याचा माग ठेवायचा. सुरुवातीच्या पेशंटांची पुढची अवस्था काय झाली, यावर बाई निवृत्तीनंतरही लेख लिहीत होत्या.

त्यांनी असे शंभराहून जास्त डॉक्टर घडवले. ते स्वतःला गमतीनं 'टॉसिगचे सरदार' म्हणवून घ्यायचे आणि ठरावीक वर्षांनी एकत्र जमायचे. बाईंनी लग्न केलं नव्हतं. घर आणि बाग या मंडळींना कायम उघडी. रूथ व्हिटमोर येलला गेल्या, मेरी ॲलन एंगल न्यूयॉर्कला, डॅन मॅकनमारा ह्यूस्टनला, आणि जिथे जाईल तिथे प्रत्येकानं मुलांच्या हृदयाचा विभाग उभा केला. १९६१ मध्ये अमेरिकेत या विषयाची अधिकृत परीक्षा सुरू झाली. बालरोगशास्त्रातली ती पहिली उपशाखा.

माझं मत विचाराल तर शस्त्रक्रियेपेक्षा हे काम मोठं आहे. आज ती मूळ शस्त्रक्रिया त्या स्वरूपात फारशी होत नाही, हृदय उघडून दोषच दुरुस्त करता येतो. शिकवलेली माणसं मात्र शिकवत राहिली.

या जाळ्याचा एक उपयोग तर कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. जानेवारी १९६२ मध्ये टॉसिगबाईंचे एक जुने फेलो, जर्मनीचे आलोइस बॉयरेन, बाल्टिमोरला आले. जेवताना बोलता बोलता म्हणाले, आमच्याकडे हात-पाय नसलेली बाळं जन्माला येतायत, आणि संशय एका झोपेच्या औषधावर आहे. थॅलिडोमाइड. बाई काही दिवसांतच विमानानं जर्मनीला गेल्या. दवाखान्यांमध्ये जाऊन त्या बाळांना स्वतः बघितलं, डॉक्टरांशी बोलल्या, परत येऊन अमेरिकेत सभा घेतल्या, लेख लिहिले, संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली. अमेरिकेत हे औषध विकायची परवानगी फ्रान्सिस केल्सी नावाच्या अधिकारी बाईंनी अडवून धरली होती. टॉसिगनी नेलेल्या माहितीनं केल्सींची बाजू पक्की झाली. त्याच वर्षी अमेरिकेत औषधांचा कायदा कडक झाला. जुन्या विद्यार्थ्याला बाईंकडे जाऊन जेवावंसं वाटत होतं, तिथून हे सुरू झालं.

आता श्रेयाचा हिशेब. ब्लॅलॉकना अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं सदस्यत्व दिलं १९४५ मध्ये. टॉसिगना? १९७३ मध्ये. अठ्ठावीस वर्षांनी! हॉपकिन्सनं त्यांना पूर्ण प्राध्यापक केलं १९५९ मध्ये, तेव्हा त्या एकसष्ट वर्षांच्या होत्या.

आणि थॉमस? ते सर्जरी शिकायला आलेल्या पिढ्यान् पिढ्या तरुणांना प्रयोगशाळेत टाके शिकवत होते. कूलीसारखे लोक त्यांच्याकडून शिकले. त्याच काळात पगार पुरत नाही म्हणून थॉमस ब्लॅलॉकच्या घरच्या पार्ट्यांमध्ये दारू वाढायचं काम करायचे. दिवसा ज्यांना शिकवलं, संध्याकाळी त्यांचेच ग्लास भरायचे. यावर मी काही कमेंट करणार नाही.

१९७१ मध्ये त्यांनी शिकवलेल्या सर्जननी वर्गणी काढून त्यांचं तैलचित्र करवून घेतलं आणि ते ब्लॅलॉकच्या चित्राशेजारी लागलं. ॲनाच्या चित्रानंतर कितीतरी वर्षांनी. १९७६ मध्ये मानद डॉक्टरेट मिळाली, तीसुद्धा नियमांमुळे वैद्यकशास्त्राची नाही, कायद्याची! पण तेव्हापासून हॉपकिन्समध्ये लोक त्यांना 'डॉक्टर थॉमस' म्हणू लागले, आणि सर्जरीचा शिक्षक म्हणून अधिकृत नेमणूकही झाली.

थॉमसनी गुपचूप अजून एक काम केलं. प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून त्यांनी कॉलेज न शिकलेली कृष्णवर्णीय मुलं घेतली आणि त्यांना घडवलं. त्यातले रेमंड ली आधी लिफ्ट चालवायचे, पुढे हृदयशस्त्रक्रियेच्या टीममध्ये काम करू लागले. १९७० च्या दशकात हॉपकिन्सला लीव्हाय वॉटकिन्स नावाचा तरुण कृष्णवर्णीय डॉक्टर शिकायला आला, तेव्हा तिथे त्याला आधार होता तो थॉमसचा. याच वॉटकिन्सनी १९८० मध्ये माणसाच्या शरीरात पहिलं आपोआप चालणारं डिफिब्रिलेटर बसवलं. तुमच्या ओळखीत कुणाला 'आयसीडी' बसवलं असेल, तर त्याचा हा पूर्वज.

थॉमस गेले नोव्हेंबर १९८५ मध्ये. त्यांचं आत्मचरित्र त्याच सुमाराला छापून आलं. टॉसिगबाई मे १९८६ मध्ये गेल्या, मतदानाला माणसं सोडून परतताना झालेल्या मोटार अपघातात. वय सत्त्याऐंशी.

तुम्ही म्हणाल, हे सगळं बाल्टिमोरचं झालं, आपला काय संबंध? संबंध आहे आणि चांगला घट्ट आहे. टॉसिगबाईंकडे शिकायला आलेल्यांमध्ये शिवरामकृष्ण अय्यर पद्मावती नावाच्या एक डॉक्टर होत्या. जन्म १९१७, ब्रह्मदेशात. रंगूनला डॉक्टर झाल्या. १९४२ मध्ये जपानी फौजा आल्या तेव्हा घर सोडून भारतात यावं लागलं. पुढे इंग्लंड, थोडे दिवस स्वीडन, मग फेलोशिप मिळवून हॉपकिन्सला टॉसिगबाईंकडे, आणि नंतर हार्वर्डला पॉल डडली व्हाइट यांच्याकडे.

१९५३ मध्ये त्या दिल्लीला परतल्या. तेव्हाच्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांनी त्यांना लेडी हार्डिंग कॉलेजात नेमलं. वर्षभरात तिथे हृदयरोगाचं क्लिनिक उभं राहिलं. आणि मग बाईंनी काय केलं, तर बाल्टिमोरची कॉपी मारली नाही. दिल्लीत समोर कोणते पेशंट येतायत ते बघितलं. फुप्फुसं खराब होऊन हृदयाची उजवी बाजू निकामी झालेल्या बायका येत होत्या. पाश्चात्त्य पुस्तकांप्रमाणे हा सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा आजार. या बायका सिगारेट कुठे ओढत होत्या? त्या चुलीपुढे बसत होत्या, शेणी आणि लाकडाच्या धुरात. पद्मावतींनी हे १९५० च्या दशकात अभ्यासून छापलं. गॅस सिलिंडरच्या जाहिराती आपण आत्ता आत्ता बघतोय, मंडळी!

१९६७ मध्ये त्या मौलाना आझाद मेडिकल कॉलेजच्या प्रमुख झाल्या आणि तिथे हृदयरोगाचा डीएम अभ्यासक्रम सुरू केला. सुरुवातीला आजीनं ज्या डीएमबद्दल विचारलं, तोच. १९८१ मध्ये त्यांनी दिल्लीत नॅशनल हार्ट इन्स्टिट्यूट उभं केलं आणि नव्वदी ओलांडल्यावरही तिथे पेशंट बघत होत्या. २९ ऑगस्ट २०२० रोजी, वयाच्या एकशे तिसऱ्या वर्षी, त्याच हॉस्पिटलमध्ये कोविडनं त्यांचं निधन झालं.